द्राक्षबागेतलं सुतारकाम

प्रश्न : मी मूळची सांगलीची, वय 31. पुण्यात बी. ई. झाले, दोन वर्षं नोकरी केली आणि 2018 साली शिकायला जर्मनीत आले. 2021 पासून श्टुटगार्टला मेकॅनिकल डिझाइनमध्ये नोकरी करते. माझा नवरा जर्मन आहे, वय 34, तिथलं रीतसर प्रशिक्षण घेतलेला सुतार. लग्नाआधी, 2022 च्या फेब्रुवारीत तो वर्किंग हॉलिडे व्हिसावर (फिरता फिरता काम करायची मुभा देणारा तरुणांचा व्हिसा) दक्षिण ऑस्ट्रेलियात गेला होता. आधी बरोसा खोऱ्यात साडेतीन महिने द्राक्षतोडणी केली. जूनपासून मरे ब्रिजच्या एका वर्कशॉपमध्ये अकरा महिने स्वयंपाकघरातली कपाटं आणि फर्निचर बनवलं. आता आम्हा दोघांना तिथे कायमचं जायचं आहे. एजंट म्हणतो, तिथल्या व्हिसासाठी जे पॉइंट्स मोजतात त्यांत रीजनल, म्हणजे बड्या शहरांबाहेरच्या, भागातल्या कामाचे जादा पॉइंट्स मिळतात, पण बारा महिने भरायला हवेत. म्हणून बागेच्या मालकाकडून 'सुतारकाम करत होता' असं पत्र आणा. मालक पत्र द्यायला तयार आहेत, आणि नवऱ्याने तिथे शेडची थोडी डागडुजी केलीही होती. दुसरी भीती अशी, की त्या व्हिसावर एका मालकाकडे सहा महिनेच काम करता येतं म्हणे, आणि याने तर अकरा महिने केलं. ते अंगाशी येईल का?

उत्तर : ते पत्र घेऊ नका. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तरी एवढं आजच करा. एजंटला तसं लेखी कळवा आणि ती ईमेल जपून ठेवा.

आधी सहा महिन्यांची भीती घालवते, कारण तिच्यामुळे तुमची झोप उडालेली दिसते. नियम आहे आणि तो मोडला असता तर प्रकरण गंभीर होतं. ऑस्ट्रेलियातला अनुभव मोजताना त्या काळात व्हिसाच्या अटी पाळल्या होत्या का, हे पाहिलं जातं. अट मोडून केलेलं काम मोजत नाहीत. पण कोविडनंतर माणसं मिळेनात म्हणून सरकारने 19 जानेवारी 2022 ते 30 जून 2023 या काळात ही अट शिथिल केली होती. तुमच्या यजमानांचं वर्कशॉपमधलं सगळं काम जून 2022 ते एप्रिल 2023 असं त्या मुदतीच्या आतलं आहे. तेव्हा अकरा महिने एकाच मालकाकडे राहिले म्हणून त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नाही. हे काम लपवू नका, अभिमानाने दाखवा.

आता पॉइंट्सकडे वळू. रीजनल कामाला वेगळे पॉइंट्स आहेत, हे खरं नाही. ही समजूत इतकी पसरली आहे की अ‍ॅडलेडला माझ्याकडे येणाऱ्या मराठी मुलांनाही ती खोडून काढताना दर वेळी तक्ता उघडून दाखवावा लागतो. तक्त्यात रीजनल भागाचा फायदा दोन ठिकाणी आहे. रीजनल भागात शिक्षण घेतलं असेल तर 5, आणि 491 या रीजनल व्हिसासाठी एखाद्या राज्याने नामांकन दिलं तर 15. कामाच्या अनुभवाला जागा लागत नाही. ऑस्ट्रेलियात कुशल काम किमान एक वर्ष केलं असेल तर 5 पॉइंट्स, मग ते सिडनीत केलेलं असो की मरे ब्रिजला. बारा महिन्यांची गोष्ट तेवढी एजंटने खरी सांगितली. अकरा महिन्यांना शून्य मिळतं. आणि हे अकरा महिने जर्मनीतल्या वर्षांत मिळवताही येत नाहीत, कारण देशाबाहेरच्या आणि देशातल्या अनुभवाचे तक्ते वेगळे आहेत.

मग बागेतले साडेतीन महिने? तुम्ही सांगलीच्या. तासगावकडे द्राक्षांचा हंगाम कसा असतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. माल उतरवायच्या दिवसांत कुणी माणसाला आठवड्याचे वीस तास सुतारकामाला मोकळं ठेवतो का? बरोसातही फेब्रुवारी ते एप्रिल हेच दिवस तोडणीचे. कायद्याला आठवड्याला किमान वीस तासांचं पगारी काम हवं, तेही अर्जात लिहिलेल्या व्यवसायातलं किंवा त्याच्या अगदी जवळचं. दोन-चार दिवस शेडचे वासे बदलले, याने द्राक्षतोडणी सुतारकाम होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट एजंटच्या लक्षात आलेली नाही, किंवा आली असेल तर ती त्याने तुम्हाला सांगितलेली नाही. तुमच्या यजमानांना दुसऱ्या वर्षाचा वर्किंग हॉलिडे व्हिसा कशावर मिळाला? रीजनल भागात किमान 88 दिवस ठरावीक प्रकारचं काम केल्यावर. तो अर्ज भरताना त्यांनी स्वतःच सरकारला कळवलं आहे, की मी या बागेत, या तारखांना, द्राक्षं तोडली. मालकाची सही असलेला कामाच्या पडताळणीचा फॉर्म तेव्हा भरला असेल, तर तोही आहे. त्या काळातल्या पगाराच्या पावत्या आहेत, करखात्याकडे नोंद आहे, पेन्शन फंडात मालकाने भरलेले पैसे आहेत. आता त्याच मालकाचं, त्याच तारखांचं 'सुतार' म्हणून पत्र गेलं, तर अधिकाऱ्याला खोटं शोधायला कुठे जायला नको. दोन कागद शेजारी ठेवले की झालं.

याचा परिणाम काय होतो, ते नीट समजून घ्या. खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय तीन वर्षं बंदी येते. आणि ती एकट्या अर्जदारावर येत नाही, अर्जात असलेल्या कुटुंबालाही लागू होते. म्हणजे त्यांच्या पत्रापायी तुमचा स्वतःचा, पूर्ण सचोटीने केलेला अर्जही तीन वर्षं अडकू शकतो. 'एजंटने केलं, आम्हाला माहीत नव्हतं' हा बचाव इथे सहसा चालत नाही. कुणाच्या तरी हातून लबाडी झाली आहे, एवढं पुरतं. तुम्हाला तर माहीत आहे.

लबाडी नसली तरी जास्त पॉइंट्स मागणं महागात पडतं. पॉइंट्सचा दावा करून एकदा अर्ज करण्याचं सरकारी आमंत्रण मिळालं आणि नंतर तपासणीत ते पाच टिकले नाहीत, तर अर्ज जातो. मुख्य अर्जदाराची फी पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात आहे, ती परत मिळत नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर पाच पॉइंट्ससाठी! ते तुम्हाला लागणारही नाहीत. मी हिशोब मांडला. यजमान मुख्य अर्जदार धरले तर वयाचे 25 (33 ते 39 या गटात तेवढेच मिळतात), प्रशिक्षणाचे 10, इंग्रजीच्या प्रत्येक भागात आयईएलटीएसला 7 मिळाले तर 10. जर्मन पासपोर्टला इंग्रजीच्या परीक्षेतून सूट नाही, हे लक्षात ठेवा. जर्मनीतला अनुभव गेल्या दहा वर्षांतलाच धरतात. तुम्ही पाठवलेल्या तपशिलात वडिलांच्या आजारपणात दीड वर्ष आठवड्याला पंधरा तास काम केल्याचं लिहिलं आहे, ते वीसच्या खाली असल्याने जाईल. 2020 च्या वसंतातले कुर्त्सआर्बाइटचे (मंदीत कामाचे तास कमी करून नोकरी टिकवण्याची जर्मन योजना) दोन महिनेही तास सोळावर आले होते म्हणून जातील. तरी सात वर्षांच्या आसपास उरतात, त्याचे 10. एकूण 55. त्यात जोडीदाराच्या कौशल्याचे 10 मिळवले की किमान पात्रतेचे 65 भरतात, आणि 491 चं नामांकन मिळालं तर 80.

हे जोडीदाराचे दहा म्हणजे तुम्ही. तुमच्या लांबलचक ईमेलमध्ये यजमानांच्या कामाला तीन पानं आहेत आणि स्वतःच्या नोकरीला एक ओळ. ती ओळ वाचून मी थांबले. तुमचं वय 31, म्हणजे 30 पॉइंट्स. बी. ई.चे 15. इंग्रजीत प्रत्येक भागात 7 धरले तर 10 (प्रत्येकी 8 मिळाले तर सरळ 20). पुण्याची दोन आणि श्टुटगार्टची पाच मिळून सात वर्षं, त्याचे 10. हेच झाले 65, कुणाच्याही आधाराशिवाय. यजमानांचं कौशल्य-मूल्यांकन (ते त्यांच्या व्यवसायात कुशल आहेत, हा ठरलेल्या संस्थेचा दाखला) आणि त्यांचं पुरेसं इंग्रजी जोडलं की 75. रीजनल नामांकन मिळालं तर 90. एजंटने पाच पॉइंट्ससाठी तुम्हाला खोट्याच्या काठावर नेऊन उभं केलं आणि समोर बसलेली इंजिनिअर त्याला दिसली नाही, याचा मला राग आला.

तेव्हा माझा सल्ला असा, की मुख्य अर्जदार तुम्ही व्हा. तुमच्या वयाचे 30 पॉइंट्स 33 वा वाढदिवस येईपर्यंतच आहेत, त्यामुळे कागदपत्रं आत्ताच सुरू करा. मूल्यांकन इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे होतं. तुम्हाला बहुधा स्वतःच्या कामाचे तीन प्रसंग सविस्तर लिहून द्यावे लागतील. ते स्वतः लिहा, विकत घेऊ नका. उचललेला मजकूर तिथे पकडला जातो. आणि एक लक्षात असू द्या, मूल्यांकन करणारी संस्था ज्या तारखेपासून तुम्हाला कुशल मानेल तिथूनच वर्षं मोजली जातात. सातातलं एखादं वर्ष गळालं तरी पाचाच्या वर राहता, म्हणजे 10 कायम.

यजमानांच्या मूल्यांकनात एक खाचखळगा आहे. जर्मनीत 'टिशलर' या एकाच व्यवसायात खिडक्या, दारं, जिने, कपाटं, फर्निचर सगळं येतं. ऑस्ट्रेलियात त्याचे दोन वेगळे व्यवसाय आहेत. खिडक्या, दारं आणि जिने करणारा जॉइनर, कपाटं आणि फर्निचर करणारा कॅबिनेटमेकर. घराचा सांगाडा उभारणारा कारपेंटर आणखी वेगळा. मरे ब्रिजला त्यांनी कपाटं केली, जर्मनीत बहुतेक वेळ काय केलं ते त्यांना विचारा. ज्या बाजूला जास्त वर्षं, तो व्यवसाय निवडायचा, आणि सगळी पत्रं त्याच कामाचं खरं वर्णन करणारी हवीत. शिकाऊ काळ अनुभवात धरू नका, पहिली तारीख गेझेलेनब्रीफ, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, हातात आल्यानंतरची असू द्या.

जर्मन कागदांची एक गंमत आहे. तिथे नोकरी सोडताना मालकाकडून आरबाइट्सत्सोइग्निस, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र, मागण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे, आणि तो कागद गौरवाने भरलेला असतो. पण आठवड्याचे तास आणि पगार त्यात बहुधा नसतात, आणि इथल्या अधिकाऱ्याला नेमके तेच हवे असतात. म्हणून मालकाकडून तास, पद आणि तारखा लिहिलेलं एक साधं जोडपत्र घ्या. सोबत जर्मन पेन्शन विभागाकडून विम्याच्या नोंदींचा उतारा मागवा. तो मोफत मिळतो आणि कुठल्या काळात पगारी नोकरीचा विमा भरला गेला ते त्यात दिसतं. माझ्या मते हा उतारा दहा शिफारसपत्रांपेक्षा मोलाचा. भाषांतर जर्मनीत शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

मग ते अकरा महिने वाया गेले का? अजिबात नाही. पॉइंट्सच्या तक्त्यात त्यांना जागा नसली, तरी ज्या मालकाने त्यांना अकरा महिने ठेवून घेतलं तो आजही मरे ब्रिजला आहे आणि तुम्ही लिहिता की दर नाताळात त्याचा फोन येतो. रीजनल भागातला मालक 494 व्हिसावर कुशल कारागिराला बोलावू शकतो. तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, तो यजमानांकडे आहे. मालकाला पगार मात्र ठरलेल्या पातळीच्या वर द्यावा लागतो. 1 जुलै 2025 पासून ती वर्षाला 76,515 डॉलर झाली आणि दर जुलैत वाढते. प्रशिक्षण निधीची रक्कमही मालकानेच भरायची असते, ती कामगाराकडून वसूल करता येत नाही. छोट्या वर्कशॉपला हे जड जाऊ शकतं, म्हणून आग्रह करू नका, पण विचारा जरूर. त्याने नाही म्हटलं तरी अनुभवाचं खरं पत्र तो देईल. कौशल्य-मूल्यांकनात ते उपयोगी पडेल. राज्यं आपले नामांकनाचे निकष दर आर्थिक वर्षात बदलतात. त्या राज्यात आधी काम केलेलं असणं आणि तिथे राहण्याची खरी तयारी दिसणं, याला तिथे किंमत येऊ शकते.

रीजनल म्हणजे आडगाव, अशी तुमच्या आईंची समजूत झाली आहे असं लिहिलंत. त्यांना सांगा, 16 नोव्हेंबर 2019 पासून या व्हिसांसाठी सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून सगळा देश रीजनल आहे. अ‍ॅडलेड, पर्थ, कॅनबरा, होबार्ट, जिलाँग, न्यूकॅसल, सगळी त्यात येतात, आणि यांतल्या बऱ्याच शहरांत तुमच्या क्षेत्रातलं काम आहे. पण वर्किंग हॉलिडेसाठी रीजनल भागाची यादी वेगळी आहे. पर्थ शहर 491 ला चालतं, 88 दिवसांना चालत नाही. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की तुमच्या एजंटसारखे गोंधळ होतात.

491 पाच वर्षांचा असतो. त्यातली तीन वर्षं तो हातात असताना रीजनल भागातच राहून, काम करून आणि कर भरून काढलीत, की 191 साठी म्हणजे पीआरसाठी (कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी) अर्ज करता येतो. मधल्या काळात दुसऱ्या काही कायम व्हिसांची दारं बंद असतात, तेव्हा हा व्हिसा घेताना तीन वर्षांचा विचार दोघांनी मिळून करा.

एजंट बदला. ऑस्ट्रेलियात इमिग्रेशनचा सल्ला नोंदणीकृत एजंट किंवा वकीलच देऊ शकतो आणि एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत कुणालाही तपासता येतो. देशाबाहेर बसलेल्यांवर तसा अंकुश नाही, म्हणून क्रमांक मागा. जो देत नाही, त्याला कागद देऊ नका.

राहिले बागेचे मालक. त्यांचा मान राखून कळवा, की सुतारकामाचं पत्र नको. पण पत्र हवंच आहे. अर्जात गेल्या दहा वर्षांतलं प्रत्येक काम लिहावं लागतं, कुशल असो वा नसो, आणि मधे साडेतीन महिन्यांचं भगदाड ठेवता येत नाही. तेव्हा त्यांच्याकडून तीन ओळी घ्या : या तारखेपासून या तारखेपर्यंत, आठवड्याला इतके तास, आमच्या बागेत द्राक्षतोडणी.