कंबर दुखते की पाय?

प्रश्न : माझं वय ४१. दोन महिन्यांपूर्वी भरलेली बादली उचलताना कंबरेत उसण भरली. कंबर आठवडाभरात मोकळी झाली, पण तेव्हापासून डाव्या मांडीच्या मागून पोटरीत आणि पुढे पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. शिंक आली तरी जीव जातो. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचं आलं आहे. एका डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं, दुसरे म्हणतात थांबा. थांबले तर पाय लुळा पडेल का?

उत्तर : कंबर मोकळी झाली आणि पाय धरला, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्याकडे येणारे रुग्ण बसायच्या आधी एमआरआयची पिशवी पुढे करतात. मी ती बाजूला ठेवून विचारतो, कंबर जास्त दुखते की पाय? गादीचं ऑपरेशन दबलेल्या नसेसाठी असतं. नस सुटली की पायाची कळ जाते, पुष्कळदा अगदी त्याच दिवशी. नुसत्या कंबरदुखीसाठी तेच ऑपरेशन केलं, तर रुग्ण बहुधा तिथल्या तिथेच राहतो.

सरकलेली गादी नस दाबते आणि म्हणून पाय दुखतो, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. तेव्हापासून ‘सरकली ना, मग काढा’ हा विचार सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे, माझ्या व्यवसायबंधूंच्याही. पण बाहेर आलेला तुकडा कायम तिथेच राहतो असं नाही. शरीर त्याला परका समजतं, रक्तातल्या पेशी त्याला हळूहळू खातात, नसेभोवतीची सूज उतरते. गंमत म्हणजे मूळ गादीपासून तुटून सुटा झालेला तुकडा, ज्याचं वर्णन रिपोर्टमध्ये वाचून घाम फुटतो, तोच जिरून जाण्याची शक्यता जास्त असते.

तुमच्यासारख्याच रुग्णांवर नेदरलँड्समध्ये एक चाचणी झाली, २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पायाची तीव्र कळ ६ ते १२ आठवडे टिकलेले २८३ जण. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांनी औषधं घेत वाट पाहायची, अगदीच असह्य झालं तर ऑपरेशन. वाट पाहणाऱ्या १०० पैकी ३९ जणांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावं लागलं, बाकीच्यांना लागलं नाही. लवकर ऑपरेशन झालेले साधारण ४ आठवड्यांत बरे झाले, दुसऱ्या गटाला १२ आठवडे लागले. आणि वर्ष संपताना? दोन्ही गटांत १०० पैकी ९५ जण आपण बरे झालो असं सांगत होते. म्हणजे ऑपरेशनने मुख्यतः वेळ वाचतो. तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. झोप लागत नसेल, काम बंद पडलं असेल, तर ऑपरेशन करून घेण्यात काही गैर नाही. कळ आठवड्यागणिक कमी होत असेल तर मी थांबा म्हणेन. मी स्वतः ऑपरेशन करणारा आहे, त्यामुळे माझ्या तोंडून ‘थांबा’ ऐकलं की रुग्णांना उगाच संशय येतो, तो भाग वेगळा.

आता लुळेपणाचं. घरात टाचांवर दहा पावलं चालून बघा, दोन्ही पायांचे चवडे वर उचलून. तुमच्या दुखण्याच्या मार्गावरून कंबरेतली पाचवी नस (एल-५) दबलेली दिसते, आणि पाऊल व अंगठा वर उचलण्याचं काम मुख्यतः तिचंच. डावा चवडा खाली पडत असेल, चप्पल पायातून निसटत असेल, तर या आठवड्यातच दाखवा. ताकद कमी होत चालली असेल तर वाट पाहण्याचा सल्ला लागू नाही. आणि लघवी तुंबली, किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मध्ये बसायच्या जागी बधिरपणा आला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच्या रात्री हॉस्पिटल गाठायचं. तिथे तासांचा हिशेब असतो. असं क्वचित होतं, पण ‘लघवीचं डॉक्टरांना कसं सांगायचं’ म्हणून दोन दिवस घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

तोवर काय? सुजेवरच्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून, मूत्रपिंड आणि पोट सांभाळून, थोडे दिवस. प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध सर्रास लिहून दिलं जातं, पण अशा कळेवर ते नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, हे २०१७ च्या एका चाचणीत दिसलं. चक्कर मात्र येते. मणक्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देऊ शकतं. ते गादी जागेवर बसवत नाही, पण मधला कठीण काळ निभावून जातो.

ऑपरेशनचं ठरलंच, तर त्यात अख्खी गादी काढत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली, लहान छेदातून, नसेवर बसलेला तुकडा तेवढा काढतात. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालतात. उरलेली गादी पुन्हा सरकू शकते, शंभरात पाच-दहा जणांची सरकतेही. हे आधी सांगितलेलं बरं.

प्रश्न : वय ३५, बैठं काम. तीन वर्षं कंबर दुखते, पाय अजिबात नाही. एमआरआयमध्ये ‘डिस्क डिजनरेशन’ आणि दोन ठिकाणी ‘बल्ज’ आहे. मणक्यांत गॅप आली म्हणतात. स्क्रू टाकून मणके जोडण्याचा सल्ला मिळाला आहे. सध्या दिवसभर पट्टा लावतो, फळीवर झोपतो.

उत्तर : आधी पट्टा काढा. मग फळी. २००३ साली ३१३ रुग्णांवर कडक आणि मध्यम कडक गाद्यांची तुलना झाली, त्यात मध्यम कडक गादीवाल्यांची कंबर कमी दुखली. पट्टा, आणि त्याच्याबरोबर वजन लावून ताणणं, म्हणजे ट्रॅक्शन, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत केलेली नाही. उलट, नेहमीचा उपचार म्हणून ते देऊ नका असंच म्हटलं आहे.

रिपोर्टचं सांगतो. ‘डिजनरेशन’ म्हणजे गादीची झीज, ‘बल्ज’ म्हणजे तिचा फुगवटा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ लोकांचा एमआरआय काढला गेला. निम्म्याहून जास्त जणांत कुठे ना कुठे गादी फुगलेली होती. सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के. तेव्हा तुमच्या रिपोर्टमधले शब्द खरे आहेत, पण दुखणं त्यांच्यामुळेच आहे असं त्यावरून ठरत नाही. ‘गॅप’ हा शब्द तर कोणी कोणत्या अर्थाने वापरेल याचा नेम नाही.

मणका घसरलेला नाही, मोडलेला नाही, जंतुसंसर्ग किंवा गाठ नाही, अशा कंबरेत स्क्रू टाकायला माझा हात धजत नाही. मणके जोडणं आणि कसून व्यायाम व समुपदेशन यांची तुलना ब्रिटन आणि नॉर्वेमध्ये झाली. ऑपरेशनवाल्यांना फारसा जास्त फायदा झाला नाही, गुंतागुंत मात्र त्यांच्याच वाट्याला आली.

समुपदेशन म्हटल्यावर ‘म्हणजे मला वेड लागलंय का’ असं मनात आलं असेल. तसं मुळीच नाही. तीन वर्षं दुखणारा माणूस वाकायलाच घाबरू लागतो, स्नायू आखडून धरतो, आणि आखडलेले स्नायू पुन्हा दुखतात. ही भीती घालवणं हा उपचाराचाच भाग आहे. कोणता व्यायाम, हे मला सारखं विचारतात. खरं सांगू? जो तुम्ही सहा महिन्यांनीही करत असाल तो. चालण्यापासून सुरुवात करा. ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या चाचणीत, ठरवून चालणं वाढवत नेलेल्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले, काहीच न केलेल्यांची ११२ दिवसांतच धरली. दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा. सिगारेट ओढत असाल तर सोडा, गादीचं पोषण आधीच तुटपुंजं असतं. ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काही असेल तर मात्र हा सगळा सल्ला बाजूला ठेवून पुन्हा तपासणी करून घ्या.

प्रश्न : उसण भरली की किती दिवस झोपून राहावं?

उत्तर : झोपून राहू नये. उठवतच नसेल तर एखाद-दुसरा दिवस. १९९५ च्या फिनलंडमधल्या चाचणीत झेपेल तेवढी रोजची कामं करत राहिलेले लोक, झोपवून ठेवलेल्यांपेक्षा आणि लगेच व्यायामाला लावलेल्यांपेक्षाही लवकर बरे झाले. गरम पाण्याची पिशवी घ्या, बरं वाटतं.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. शंभर पावलांत दोन्ही पाय जड होतात, थोडं बसलं की पुन्हा चालतात. ढकलगाडीवर रेलून मात्र बरंच लांब जातात. या वयात ऑपरेशन झेपेल का?

उत्तर : वाकलं की बरं वाटतं, हे मणक्याची नळी अरुंद झाल्याचं लक्षण आहे. वाकल्यावर ती थोडी रुंदावते. आधी त्यांच्या पावलांवरची नाडी तपासून घ्या, कारण पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या तरी चालताना असंच होतं, फक्त तिथे रेलायची गरज नसते, नुसतं उभं राहिलं तरी पाय मोकळे होतात. नळीच अरुंद असेल आणि चालणं कमी कमी होत असेल, तर ती मोकळी करण्याचं ऑपरेशन चांगलं काम करतं. वयापेक्षा हृदय, साखर आणि हाडांची ताकद बघतात. सोबत स्क्रू सुचवले, तर ते कशासाठी हे स्पष्ट विचारा. नळी मोकळी करण्याला मणके जोडण्याची जोड देऊन जास्त फायदा होत नाही, असं स्वीडनमधल्या २०१६ च्या चाचणीत आढळलं. मणका फार घसरत असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते वाकून व ताठ उभं राहून काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये कळतं.