‘कंपनी सुरतले जाई ऱ्हायनी’ म्हणे!

प्रश्न : नमस्कार दादा, मी जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे, सगळे मिळून दीडशेक माणसं. पंधरा दिवसांमागे तीन अनोळखी लोक येऊन शेडच्या पत्र्यांची मापं घेऊन गेले, मालक स्वतः सोबत फिरत होते, आणि गाडीची पाटी जीजे 05, म्हणजे सुरतची. झालं, संध्याकाळपर्यंत गेटवरच्या टपरीवर एकच विषय, कंपनी सुरतले जाई ऱ्हायनी. एक चांगला ऑपरेटर तर दुसरीकडे लागला पण. खरं म्हणजे छतावर सोलर बसवायचंय, हे मलाही अकाउंटवाल्याकडून कळलं. मालक म्हणतात लोन पास होईपर्यंत कोणाला काही बोलायचं नाही, अफवा कोण पसरवतं ते शोधून त्याला मेमो द्या आणि तो व्हॉट्सअॅप ग्रुप बंद करा. मी काय करू?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, मेमो आधी बाजूला ठेवा. कोणी सुरू केलं हे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण एकाने पाटी पाहिली, दुसऱ्याने टेप पाहिली, तिसऱ्याने मालकांचं गप्प तोंड पाहिलं आणि टपरीवर तिघांनी मिळून जोडलं. आणि तर्क चुकला असला तरी वेडगळ नाहीये हो, आपल्याकडे गल्लीत कोणी ना कोणी सुरतच्या उधना-लिंबायत भागात राहतंच, त्यामुळे जीजेची गाडी दिसली की सुरतच आठवणार, चंद्रपूर थोडंच आठवणार!

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्येच याचा हिशोब मांडून ठेवलाय : अफवेचा जोर म्हणजे गोष्ट माणसाला किती महत्त्वाची आहे, गुणिले ती किती अस्पष्ट आहे. गुणिले म्हटलंय, अधिक नाही, म्हणजे दोन्हीतलं एक शून्य केलं की सगळंच शून्य. आता नोकरीचं महत्त्व तर तुम्ही कमी करू शकत नाही, मग राहिलं काय, तर अस्पष्टपणा, आणि तो मालकांच्याच हातात आहे.

मी हे शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. मी एका कारखान्यात पर्सनलला होतो तेव्हा कँटीनचा ठेकेदार बदलायचा होता, जुन्याचा हिशोब बाकी म्हणून आम्ही चूप बसलो. एक दिवस त्याची माणसं मोठी पातेली टेम्पोत चढवताना सगळ्यांनी पाहिली. दुपारी कँटीन बंद होणार, रातपाळीत कंपनीच बंद होणार, सकाळी दहा जण माझ्या टेबलासमोर आपापला हिशोब मागायला उभे. मग मी घाईघाईने बोर्डावर नोटीस लावली ती पण इंग्रजीत, खाली साहेबांची सही आणि गोल शिक्का. शिक्का पाहून तर जे घाबरले नव्हते तेही घाबरले.

तर आता मालकांना असं पटवा की लोन पास झालं नाही हे लपवायचं कारण नाही, तेच सांगायचंय. मालकांना वाटतं पक्कं झाल्यावर बोलू, पण पक्कं होईपर्यंत टपरी थोडीच थांबते. साधं बोलायचं, साधारण असं : ‘त्या दिवशी आलेले लोक सोलरवाले होते, छताची मापं घेऊन गेले. लोन अजून पास नाही, त्यामुळे होईल का नाही तेही नक्की नाही. पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला जे असेल ते इथंच उभं राहून सांगतो.’ आणि 10 तारखेला काहीच झालं नसेल तरी उभं राहून ‘काही झालं नाही’ हेच सांगायचं, ती तारीख चुकली तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

‘कंपनी कुठंही जाणार नाही’ हे वाक्य मात्र खरं असेल तरच बोलायचं. समजा उद्या खरंच एखादी लाईन बंद करायचा विचार असेल आणि आज छातीठोकपणे नाही म्हणून बसलात, तर नंतर सोलरचंही कोणाला खरं वाटायचं नाही.

बोलायचं मालकांनीच, पण त्याच्या अर्धा तास आधी सगळ्या सुपरवायझरांना बसवून सांगा, कारण कामगार पहिले तुम्हालाच विचारतो आणि तुम्ही ‘मलाही माहीत नाही रे भो’ म्हणालात की संपलं, त्याला वाटतं यांच्यापासून पण लपवताय म्हणजे मोठंच काही आहे. तिन्ही पाळ्यांना एकाच दिवशी सांगा. रातपाळीला सगळे विसरतात, मालकांना रात्री एकदा यावं लागलं तर येऊ द्या. ठेकेदाराची पोरं पण बोलवा, त्यांना सगळ्यात शेवटी कळतं आणि भीती सगळ्यात जास्त त्यांनाच असते.

ग्रुप बंद करू नका, दुसरा निघेल आणि त्यात तुम्ही नसाल. आत्ता निदान काय चाललंय ते दिसतं तरी.

आणि मालक पुढे कधी पाळ्या बदलायच्या म्हणाले तर त्यांना आठवण द्या, असे बदल करायचे असतील तर कायद्यानेच साधारणपणे 21 दिवस आधी नोटीस लागते, म्हणजे तिथं चूप बसायची सोयच नाही.

प्रश्न : धुळ्याला अवधान एमआयडीसीत हेल्पर आहे. यंदा बोनस नाही आणि पीएफ पण भरत नाहीत असं सगळे म्हणताय. साहेबाला विचारलं तर राग येईल. काय करू?
– एक वाचक, धुळे

उत्तर : पीएफचं कोणाला विचारायलाच नको, सरकारच्या उमंग अॅपवर तुमच्या यूएएन नंबरने (तुमच्या पीएफचा कायमचा नंबर) पासबुक उघडा. एका महिन्याचा पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यानंतर नोंद दिसायला थोडे दिवस लागतात, तेवढं थांबून बघा.

बोनसचं असं, कायद्याच्या पगारमर्यादेत तुम्ही बसत असाल आणि वर्षात 30 दिवस तरी काम केलं असेल तर कमीत कमी 8.33 टक्के, जास्तीत जास्त 20. पण तो द्यायला मालकाला हिशोबाचं वर्ष संपल्यापासून 8 महिने असतात, म्हणजे मार्चला वर्ष संपत असेल तर नोव्हेंबरअखेर. दिवाळी ऑक्टोबरात आली आणि बोनस झाला नाही की लोक म्हणतात बुडवला, तर तसंच असेल असं नाही. साहेबाला ‘बोनस देणार का’ असं विचारू नका, ‘बोनस कोणत्या तारखेला होईल, घरी सांगायचंय’ असं विचारा, आणि एकटे नका जाऊ, तिघं-चौघं जा, जेवणाच्या सुट्टीनंतर.