वाचकांचे प्रश्न : ‘माय अँटोनिया’ वाचताना

अमेरिकन लेखिका विला कॅथर यांची ‘माय अँटोनिया’ ही १९१८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी पदवीच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांनी एकत्र वाचली, आणि चर्चेत ज्या मुद्द्यांवर त्यांचे एकमत होईना ते त्यांनी या सदराकडे पाठवले. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आईवडील वारल्यामुळे दहा वर्षांचा जिम बर्डन व्हर्जिनियाहून अमेरिकेच्या गवताळ मध्यभागातील नेब्रास्का राज्यात आजी-आजोबांकडे येतो. त्याच आगगाडीने बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रांत) सोडून आलेले शिमर्डा कुटुंबही तिथे उतरते. त्या घरातील थोरली मुलगी म्हणजे अँटोनिया. तिच्याविषयी जे जे आठवते ते मोठेपणी वकील झालेला जिम लिहून काढतो, आणि ते लिखाण म्हणजेच ही कादंबरी.

प्रश्न : कादंबरीला सलग कथानक नाही. तिसऱ्या भागात तर अँटोनिया जवळजवळ दिसतच नाही. मग ही तिची कादंबरी कशी म्हणायची?

उत्तर : प्रस्तावनेत जिम स्वतःच सांगतो की त्याने काहीही जुळवून घेतलेले नाही, अँटोनियाच्या नावासरशी जे आठवले ते लिहिले आणि त्याला बहुधा काही आकारच नसावा. ही रचना लेखिकेने जाणूनबुजून निवडली आहे. तिसऱ्या भागात जिम विद्यापीठात शिकायला लिंकन शहरात गेलेला असतो, म्हणून ती दिसत नाही. लग्नाचे वचन देणाऱ्या माणसाने तिला फसवून सोडून दिले, ती पोटात मूल घेऊन घरी परतली आणि पुन्हा शेतात राबू लागली, हा तिच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळही जिमने पाहिलेला नाही. तो त्याला शेजारच्या विधवा बाईंकडून ऐकावा लागतो. आपल्या जवळच्या माणसावर काय गुदरले हे आपल्याला बहुतेक वेळा असेच, उशिरा आणि दुसऱ्याच्या तोंडून कळते. त्या वेळी जिम तिथे हजर होता असे दाखवणे लेखिकेला सहज जमले असते. तो मोह तिने टाळला, ही मला या कादंबरीची मोठी बाजू वाटते.

प्रश्न : त्या काळी सरकार जमीन फुकट देत होते असे आम्ही वाचले होते. मग शिमर्डा कुटुंबाने जमिनीचे पैसे का मोजले?

उत्तर : १८६२ च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे किरकोळ शुल्क भरून १६० एकर सरकारी जमीन मागता येत असे, आणि पाच वर्षे तिथे राहून ती कसल्यावर मालकी मिळत असे. अमेरिकेचे नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेला परदेशी माणूसही त्याला पात्र होता. पण कायदा कागदावर असणे वेगळे आणि परमुलखातून आलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या कुटुंबापर्यंत तो पोहोचणे वेगळे. शिमर्डांनी क्रायेक नावाच्या आपल्याच देशबांधवाची जमीन विकत घेतली आणि तीही वाजवीपेक्षा जास्त किमतीला. त्याचे घोडे, बैल आणि जुनी अवजारेही त्यांच्याच गळ्यात पडली. आपण लुबाडले गेलो हे त्यांना उमगते, क्रायेकचा ते मनापासून तिरस्कार करतात, तरीही त्याला धरून राहतात, कारण त्या विस्तीर्ण गवताळ मुलखात ज्याच्याशी बोलता येईल आणि ज्याच्याकडून चार गोष्टी कळतील असा तो एकच माणूस असतो. परक्या देशात केवळ भाषेपायी माणूस किती पराधीन होतो हे लेखिकेने इथे भाषण न ठोकता दाखवून दिले आहे.

प्रश्न : अँटोनियाचे वडील पहिल्याच हिवाळ्यात आत्महत्या करतात. वर्गातील बहुतेकांनी त्याचे कारण गरिबी असे सांगितले. ते पुरेसे आहे का?

उत्तर : गरिबी होतीच, आणि ती भीषण होती. टेकाडाच्या पोटात खणलेल्या एका खोलीत सारे कुटुंब राहते. मागच्या भिंतीत कोरलेल्या, तेलाच्या पिंपाएवढ्या भोकात गवतावर गोधड्या टाकून दोन्ही मुली झोपतात. तरीही केवळ गरिबी हे उत्तर मला अपुरे वाटते. वडील शिमर्डा हे मुळात शेतकरी नव्हतेच. भिंतीवर लावायची आणि गाद्यागिरद्यांची उंची कापडे विणणारे ते कुशल विणकर होते, लग्नसमारंभात व्हायोलिन वाजवत, आणि गावात त्यांना मान होता. प्रवासखर्च भागवून हजाराहून अधिक डॉलरची शिल्लक घेऊन ते निघाले होते. न्यूयॉर्कला पैसे बदलून घेताना काही रक्कम बुडाली, रेल्वेभाडे अपेक्षेपेक्षा जास्त निघाले आणि उरलेले क्रायेकच्या खिशात गेले. आम्ही मायदेशी भिकारी नव्हतो, हे ते जिमच्या आजीला मुद्दाम समजावून सांगतात; यातच त्यांच्या दुःखाचे मूळ आहे. नव्या मुलखात त्यांच्या हातातल्या कसबाला गिऱ्हाईक नाही, भाषेला श्रोता नाही, आणि व्हायोलिन ते पुन्हा हाती घेत नाहीत. शिवाय देश सोडण्याचा आग्रह पत्नीचा होता. मुलग्यांना जमीन मिळेल आणि मुलींना नवरे मिळतील अशी तिची आशा होती. ती आशा चुकीची नव्हती. पण तिची किंमत ज्या माणसाने मोजली त्याला मुळात यायचेच नव्हते.

याच संदर्भात एक छोटा प्रसंग तुम्ही पुन्हा वाचावा असे मी सुचवीन. भर थंडीत जिमची आजी शिमर्डांकडे खाण्याच्या वस्तू घेऊन जाते. परतताना अँटोनियाची आई तिला जाड कापडाच्या पिशवीतून काही काढून मोठ्या कौतुकाने देते आणि मोडक्या इंग्रजीत ते स्वयंपाकात कसे घालायचे हे सांगू पाहते. घरी आल्यावर कोणालाच त्या तपकिरी चकत्या ओळखता येत नाहीत. एखाद्या विचित्र प्राण्याचे सुकवलेले मांस असेल, अशी शंका आजीला येते, आणि महिनोन्महिने जुन्या कपड्यांत राहिलेले काही आपण खाणार नाही, असे म्हणून ती ते पुडके सरळ चुलीत टाकते. जिम मात्र हातातल्या चकतीचा कोपरा चावून पाहतो. बोहेमियाच्या एखाद्या दाट जंगलात वेचून वाळवलेल्या त्या आळिंब्या होत्या, हे त्याला पुष्कळ वर्षांनी कळते. आजी दुष्ट नाही. उलट सगळ्या कादंबरीत तिच्याइतके मायाळू माणूस क्वचितच असेल. पण शिमर्डांनी एवढ्या लांबून जपून आणलेली सर्वांत मोलाची वस्तू त्या मायाळू हातांनीच जळून जाते. वडिलांच्या मृत्यूचे कारण शोधताना माझे मन नेहमी त्या चुलीपाशी जाते. ज्या ठिकाणी तुमच्या उत्तम देणगीची किंमत कोणालाच कळत नाही, तिथे पोट भरले तरी माणूस उपाशी राहतो.

वडील गेल्यावर अँटोनियाची शाळा कायमची हुकते. जिम तिला शाळेविषयी विचारतो तेव्हा, शाळा लहान मुलांसाठी ठीक, मी आता पुरुषांसारखे काम करू शकते, असे ती ठसक्यात सांगते. आणि क्षणभराने ती रडते आहे हे त्याच्या लक्षात येते. मुलीला इंग्रजी शिकवा, अशी हात जोडून विनंती तिच्या वडिलांनी सर्वांत आधी केली होती. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : ज्यांची ती भूमी होती त्या मूळ रहिवाशांविषयी कादंबरी गप्प का आहे?

उत्तर : तुमचा आक्षेप रास्त आहे. नेब्रास्कातील पॉनी या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांना १८७० च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ही वस्ती वाढली. कादंबरीत त्यांची एकच खूण आहे : गवतात पूर्वी घोडे फिरवल्याने पडलेले एक मोठे वर्तुळ, जे एरवी अंधुक असते आणि पहिला बर्फ पडल्यावर स्पष्ट उमटते. त्यावर गडीमाणसे छळाच्या कहाण्या रचतात, तर आजोबांना वाटते की तिथे शर्यती होत असाव्यात किंवा घोड्यांना शिकवले जात असावे. खुणेचे वर्णन सुंदर आहे, पण ती माणसे कुठे गेली हे कोणीच विचारत नाही. कादंबरीत येणाऱ्या एका अंध कृष्णवर्णीय पियानोवादकाच्या वर्णनातही त्या काळचे पूर्वग्रह उघड दिसतात. कादंबरी आवडते म्हणून या गोष्टींवर पांघरूण घालू नये.

प्रश्न : शेवटी वीस वर्षांनी जिम अँटोनियाला भेटतो. तिचे दात पडले आहेत, केस पिकले आहेत, पदरी खंडीभर मुले आहेत. निम्म्या वर्गाला हा तिचा विजय वाटला, निम्म्यांना पराभव.

उत्तर : मी विजय म्हणणाऱ्यांच्या बाजूने आहे, मात्र जिम ज्या भारावलेल्या शब्दांत तिचा गौरव करतो त्यामुळे नव्हे. मला पटणारा पुरावा साधा आहे. तिच्या घरात बोहेमियातली भाषा बोलली जाते, लहान मुलांना शाळेत जाईपर्यंत इंग्रजी येत नाही, आणि ती स्वतः इंग्रजी विसरत चालली आहे. वडिलांच्या तोंडून जी भाषा एकाकी झाली होती, ती इथे दहा-अकरा मुलांच्या गलबल्यात ऐकू येते. वडिलांचे व्हायोलिनही एक मुलगा वाजवतो. शहरातील घरांत मोलकरणी म्हणून राबून ज्यांनी बापाचे कर्ज फेडले अशा परदेशी मुलींच्या कुटुंबांनाच त्या तालुक्यात सर्वांत आधी सुबत्ता आली, असे जिम नोंदवतो, तेही इथे आठवावे.

पराभव म्हणणाऱ्यांनी मात्र एक चांगला मुद्दा सोडून दिला, तो मीच त्यांच्या वतीने मांडतो. अँटोनियाचा नवरा कुझाक हा शहराचा माणूस. व्हिएन्नात फरच्या कपड्यांचे काम केलेला, नाटक-संगीताची आणि दिव्यांनी उजळलेल्या रस्त्यांची आवड असलेला. तो चांगला नवरा आणि चांगला बाप आहे, बायकोवर त्याचा जीव आहे, आणि तरीही जगातल्या एका अत्यंत एकाकी मुलखात त्याने शेतकरी म्हणून आयुष्य काढले ते तिच्यासाठी. एकाला मानवणारे आयुष्य दोघांना कधी मानवते का, असा प्रश्न जिमला त्याच्याकडे पाहून पडतो आणि तो अनुत्तरित राहतो. अँटोनियाचे वडील आईच्या आग्रहाने आले आणि खचले. तिचा नवरा तिच्या आग्रहाने राहिला आणि तग धरून राहिला. या दोन पुरुषांची तुलना तुमच्या पुढच्या चर्चेत झाली तर तिचा वृत्तांत या सदराकडे जरूर पाठवावा.