जोर आहे पण दम नाही, असं का?

प्रश्न : माझं वय ३४. जिममध्ये वजनं बऱ्यापैकी उचलतो, पण तीन मजले चढलो की धाप लागते. उलट माझी आजी पंच्याहत्तरीची, सकाळपासून तिचं काही ना काही चालूच असतं आणि ती थकलेली दिसत नाही. मग स्टॅमिना म्हणजे नक्की काय? ताकदच ना?

उत्तर : नाही, आणि तुमचा गोंधळ नेमका इथेच होतोय. ताकद म्हणजे एकदाच किती जोर लावता येतो, स्टॅमिना म्हणजे थोडाच का असेना पण तो जोर किती वेळ लावत राहता येतो. आपल्याकडे त्याला दम म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो कारण दम म्हणजे श्वासही आणि धीरही, "जरा दम धर" म्हणतो ना आपण. इंग्रजीतला स्टॅमिना मुळात लॅटिन, त्याचा अर्थ धागे, मागावरचे उभे धागे, ज्यांच्यावर सगळं कापड तोललेलं असतं.

आता शरीराचं बघा. स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात, एक झटक्यात जोर लावून लवकर थकणारे आणि दुसरे सावकाश पण तासन् तास चालणारे. या दुसऱ्या प्रकारात ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया भरपूर, रक्तपुरवठाही जास्त, शिवाय ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिनही भरपूर, म्हणून ते लालसर दिसतात. कोंबडी उडते ती जेमतेम क्षणभर, तिच्या छातीचे स्नायू फिकट असतात, पण दिवसभर चालते म्हणून पायाचे गडद, आणि लांब उडणाऱ्या कबुतराची छातीसुद्धा गडद लाल! चित्ता ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो पण काहीशे मीटरमध्ये त्याचा खेळ संपतो. दुसरीकडे गॉडविट नावाचा पक्षी, २०२२ मध्ये त्याचं एक जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्कातून निघालं आणि कुठेही न थांबता ११ दिवसांत साधारण १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला उतरलं, मध्ये दाणा नाही पाणी नाही. हे पक्षी निघण्याआधी भरपूर चरबी साठवतात आणि पोटातली पचनाची इंद्रियं चक्क आकसून घेतात, म्हणजे नको ते ओझं वाहायचंच नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तोच विचार डोक्यात होता.

माणूसही यात कमी नाही बरं का. आपल्याला घाम येतो त्यामुळे अंग थंड राहतं, म्हणून वेगात बरेच प्राणी आपल्या पुढे असले तरी लांब पल्ल्याला आपण टिकतो.

तर तुमची आजी. हृदय आणि फुप्फुसं जेवढा ऑक्सिजन पुरवू शकतात त्याच्या आतच तिच्या कामाचा वेग असतो, तिने तो न मोजता वर्षानुवर्षं तसाच ठेवलाय. तुम्ही जिना झपाझप चढता, आख्ख्या शरीराचं वजन वर न्यायचं असतं, पुरवठा मागे पडतो आणि धाप लागते. वजनं उचलून स्नायू जोरकस झाले, पण हृदयाला एवढा वेळ सलग कामाला लावलंच नाही तर दम कुठून येणार.

आणि हो, दम वाढतो. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालायचं, सायकल किंवा पोहणंही चालेल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्याच वेगाने. काही आठवड्यांत मायटोकॉन्ड्रिया वाढतात, बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. वजनं सोडू नका, ती हवीतच. मात्र धाप अलीकडेच सुरू झाली असेल, छातीत दुखत असेल, पाय सुजत असतील तर आधी डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन कमी असलं तरी असं होतं आणि मग कितीही चाललात तरी फरक पडत नाही.

तोपर्यंत उद्या एकदा आजीच्या चालीने जिना चढा आणि तिसऱ्या मजल्यावर कोणाशी तरी बोलून बघा, वाक्य पूर्ण होतंय का.