पायथनमध्ये लेझी इम्पोर्ट आपल्या सोयीने कसा करायचा?

भाऊ, तुझं विचारणं असं की जड मॉड्यूल्स लागतील तेव्हाच लोड व्हावीत अन् कोणती ते आपण ठरवावं. होतं, पण आधी मोजून घे. पायथन चालवताना डॅश एक्स इम्पोर्टटाइम (-X importtime) द्यायचं, पायथन 3.7 पासून आहे, कोणत्या मॉड्यूलला किती मायक्रोसेकंद गेले ते लाइनीत दिसतं. मी सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम सांभाळतो, कॉम्प्युटर जुना, नुसतं ट्रकचं वजन टाकायचं तरी पांडाज अन् मॅटप्लॉटलिब (तक्ते अन् आलेखांच्या जड लायब्रऱ्या) आधी लोड व्हायचे, जे फक्त महिन्याच्या रिपोर्टला लागतात.

एकदोन ठिकाणीच लागत असेल तर इम्पोर्ट सरळ फंक्शनच्या आत टाक, दुसऱ्यांदा ते सिस डॉट मॉड्यूल्समधूनच (लोड झालेल्या मॉड्यूल्सची नोंद) मिळतं, वेळ जात नाही.

पण स्वतःचं पॅकेज असेल तर मला त्याच्या इनिट फाइलमधलं (__init__.py) गेटअ‍ॅट्र (__getattr__) हे फंक्शन सगळ्यात आवडतं (पेप 562, पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव, तेही 3.7 पासून). एखादं नाव मॉड्यूलमध्ये सापडलं नाही तरच पायथन हे फंक्शन बोलावतं, त्यात एक डिक्शनरी ठेवायची, कोणतं नाव कोणत्या फाइलमधून आणायचं त्याची, इम्पोर्टलिबने (पायथनचंच इम्पोर्ट करायचं मॉड्यूल) आणायचं अन् ग्लोबल्समध्ये, म्हणजे मॉड्यूलच्या नावांत, ठेवून द्यायचं म्हणजे पुन्हा तिथे फेरा नाही. नाव डिक्शनरीत नसेल तर अ‍ॅट्रिब्यूटएरर दे, हे विसरू नको.

इम्पोर्टलिबमध्ये लेझीलोडरपण आहे, तो मॉड्यूल वापरेपर्यंत लोड करत नाही, पण फ्रॉम लावून इम्पोर्ट केलं की तो लगेच लोड करतो, मग काय फायदा.

आता खरी काळजीची गोष्ट. एरर पण लेझी होते. मी सगळंच लेझी करून ठेवलं होतं, एक्सेलची लायब्ररी त्या मशीनवर टाकायची राहिली होती, सकाळी प्रोग्रॅम मस्त सुरू झाला अन् दुपारी ट्रक भरून उभा असताना बिलाच्या वेळी बंद पडला, ड्रायव्हर ताटकळत बसला. तेव्हापासून सुरुवातीलाच इम्पोर्टलिबचं फाइंड_स्पेक (find_spec) लावून लायब्ररी आहे का तेवढं बघतो, साध्या नावाला ते मॉड्यूल लोड न करताच सांगतं, डॉट असलेल्या नावाला मात्र वरचं पॅकेज लोड होतं.

थांबता येत असेल तर पायथन 3.15 साठी पेप 810 मंजूर झालाय 2025 मध्ये, इम्पोर्टच्या आधी लेझी (lazy) लिहायचं, बस. त्यात फिल्टर फंक्शनपण लावता येतं, कोण इम्पोर्ट करतंय अन् काय ते बघून लेझी करायचं की नाही ते आपण ठरवायचं, तू विचारलंस ते नेमकं हेच.