सहा महिन्यांची मुदत आणि लिंबाची बाग

वाचक भगिनीचे पत्र

आदरणीय ताई, जय ख्रिस्त.

मी श्रीगोंदा तालुक्यातील एका गावी प्राथमिक शिक्षिका आहे. वय ४६. दोन वर्षांपूर्वी मला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन असे सारे उपचार पूर्ण झाले असून आता रोज एक गोळी आणि दर सहा महिन्यांनी तपासणी एवढेच उरले आहे. सर्व काही ठीक असल्याचे डॉक्टर सांगतात. तरीही तपासणीची तारीख जवळ आली की पंधरा दिवस आधीपासून माझी झोप उडते. रात्री उठून मी गाठ हाताला लागते का, हे चाचपत बसते. मुलगी बारावीत आहे. तिच्यासाठी एका वहीत दागिने, विम्याचे कागद, नातेवाइकांचे फोन असे सारे लिहून ठेवले आहे आणि ती वही मी रोज उघडून पाहते. यजमानांना अर्ध्या एकरात लिंबाची बाग लावायची आहे. दोन वर्षे मी नको म्हणत आले, कारण लिंबू धरायला चार-पाच वर्षे लागतात आणि तोवर मी असेन असे मला वाटत नाही.

मी लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत वाढले. गेल्या महिन्यात घरच्या प्रार्थनासभेत ही भीती मी बोलून दाखवली, तेव्हा एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या की विश्वास आणि भीती एका घरात नांदत नाहीत, आणि प्रभूने बरे केले असे मानत असाल तर गोळी तरी कशाला घेता. तेव्हापासून मी प्रार्थनासभेला गेलेली नाही. माझा प्रभूवर विश्वास आहे की नाही, हेच मला कळेनासे झाले आहे. भीती सोडून आशा धरायची म्हणजे नेमके काय करायचे?

— एक भगिनी

ताईंचे उत्तर

प्रिय भगिनी, जय ख्रिस्त.

सर्वांत आधी गोळीविषयी लिहिते, कारण बाकीच्या प्रश्नांना वेळ देता येईल, गोळीत मात्र एक दिवसाचाही खंड पडता कामा नये. अशा उपचारांनंतर दिली जाणारी रोजची गोळी बहुधा पाच वर्षे, आणि काही जणींना त्याहूनही अधिक काळ घ्यावी लागते. आजार उलटण्याची शक्यता कमी करणे हेच तिचे काम आहे. ती केव्हा थांबवायची, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे, प्रार्थनासभेने नव्हे. बायबलातील एक शुभवर्तमान ज्याच्या नावाने ओळखले जाते तो लूक वैद्य होता आणि प्रेषित पौलाने त्याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा केला आहे. आपल्याकडे मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय सुरू झाले, ते प्रार्थना अपुरी पडते म्हणून नव्हे; रुग्णाची जखम धुणे ही त्या माणसांना प्रार्थनेइतकीच पवित्र सेवा वाटत होती. तेव्हा सकाळी गोळी घेताना प्रभूचे आभार माना आणि पाण्याच्या घोटाबरोबर ती निःसंकोच घ्या.

आता त्या वडीलधाऱ्या बाईंच्या वाक्याकडे वळते. त्यांच्या मनात दुष्टावा असेल असे मला वाटत नाही. बहुधा योहानाच्या पहिल्या पत्रातील, पूर्ण प्रीती भीती घालवून देते, हे वचन त्यांच्या मनात असावे. परंतु ते वचन तेथेच थांबत नाही. भीतीचा संबंध शिक्षेशी असतो, असे योहान लगेच पुढे सांगतो. देव आपल्याला दंड देण्यासाठी टपून बसला आहे, या भीतीविषयी तो बोलत आहे, आणि देवाची प्रीती ओळखलेल्या माणसाला ती भीती बाळगण्याचे कारण उरत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या बाईच्या पोटात जो गोळा येतो, त्याला योहानाने अविश्वास म्हटलेले नाही. उलट अशा बाईला अविश्वासू ठरवले, तर देव आपल्यावर रागावला आहे ही जी भीती योहानाला घालवायची होती, तीच आपण तिच्या मनात नव्याने पेरतो. तुमच्या बाबतीत हेच घडले आहे, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

विश्वास आणि भीती एका घरात नांदतात की नाही, हे पाहायचे असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानातील पुनरुत्थानाची पहाट पुन्हा वाचा. येशूची रिकामी कबर पाहून तेथे गेलेल्या स्त्रिया शिष्यांकडे धावत निघतात, तेव्हा त्यांच्या मनात भीती आणि मोठा आनंद अशा दोन्ही गोष्टी होत्या, असे मत्तय स्पष्ट लिहितो. पुनरुत्थानाची वार्ता ज्यांनी पहिल्यांदा जगाला सांगितली, त्यांचे पाय थरथरत होते आणि तरीही ते योग्य दिशेने धावत होते. त्याच्या तीन दिवस आधी गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता. पुढ्यातला प्याला टळावा म्हणून त्याने विनवणी केली आणि आपल्यासोबत जागे राहा असे मित्रांना सांगितले. अंधारात कोणी सोबत असावे असे खुद्द त्याला वाटले, तर तुम्हाला तसे वाटण्यात कमीपणा कसला?

माझा विश्वास आहे की नाही हेच कळत नाही, असे तुम्ही लिहिता. हे वाक्य तुमच्या आधी एका बापाने उच्चारले आहे. आपल्या आजारी मुलाला येशूकडे आणल्यावर तो रडत म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. मार्काने नवव्या अध्यायात ही गोष्ट नोंदवली आहे. येशूने त्याला, आधी विश्वास पूर्ण करून ये आणि मग मुलाला आण, असे म्हटले नाही. त्या अर्ध्यामुर्ध्या प्रार्थनेवर मुलगा बरा झाला. काही वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ अतिदक्षता विभागात होता, तेव्हा अकरा दिवस मला याहून लांब प्रार्थना करता आलीच नाही. त्या बापाचे वाक्य माझे वाक्य झाले होते.

तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे: आशा धरायची म्हणजे नेमके काय करायचे? यावर मी तुम्हाला एका जमिनीच्या व्यवहाराची गोष्ट सांगणार आहे. बायबलातील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय प्रवचनांत फारसा ऐकू येत नाही. तुमच्या पत्रातील लिंबाची बाग वाचली आणि मला तोच आठवला.

बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता. नगर पडणार, हे यिर्मया स्वतःच वर्षानुवर्षे सांगत आला होता आणि त्यासाठीच राजा सिद्कीयाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवले होते. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो की अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. अनाथोथ यरुशलेमेपासून चार-पाच किलोमीटरवर आहे. भोवतालच्या मुलखात शत्रूचा तळ पडलेला, विकत घेणारा कैदेत, आणि पुढे काय होणार हे त्याला इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक. त्या दिवशी गावातल्या कोणत्याही शहाण्या माणसाने तो व्यवहार वेडेपणाचा ठरवला असता. यिर्मयाने तो केला. त्याने सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून दिली, खरेदीखतावर सही केली, साक्षीदार घातले, एक प्रत मोहोरबंद व एक उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे देवाने त्याला सांगितले होते.

यातील दोन गोष्टींकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. पहिली अशी की व्यवहार पुरा झाल्यानंतर यिर्मया गोंधळून देवाला विचारतो की नगर शत्रूच्या हाती जात असताना तू मला शेत घ्यायला का सांगितलेस? म्हणजे आधी मन शांत झाले आणि मग सही केली, असा क्रम तेथे नाही. सही आधी झाली, शंका नंतर आली आणि ती शंकासुद्धा त्याने देवापुढेच मांडली. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. यिर्मया त्या शेतात राहायला गेल्याचे शास्त्रात कोठेही नाही; पुढे लोक त्याला आपल्याबरोबर मिसर देशात घेऊन गेले. शेताचे पीक आपल्या ताटात पडलेच पाहिजे, अशी अट त्याच्या आशेला नव्हती.

ही दुसरी गोष्ट तुम्हाला लिहावी की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. पण तुम्ही शिक्षिका आहात आणि गोड खोटे तुमच्या लगेच लक्षात येईल. आजार परत येणारच नाही, असे वचन मी देऊ शकत नाही, तुमचे डॉक्टर देऊ शकत नाहीत आणि शास्त्रानेही कोणाला दिलेले नाही. ज्या आशेचा पाया तपासणीच्या अहवालावर उभा आहे, तिची मुदत सहा महिन्यांचीच असणार. सध्या तुम्ही नेमक्या तशा मुदतीवर जगत आहात. ख्रिस्ती आशेचा पाया त्या रिकाम्या कबरेत आहे, म्हणून ती अहवालाच्या आधी धरता येते आणि अहवालानंतरही. केडगावच्या पंडिता रमाबाई मला अशा वेळी आठवतात. दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण नेली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पटकीने पती नेला, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी उतारवयात हाती घेतले होते, ते मुलीच्या मृत्यूनंतरही त्यांनी सोडले नाही, आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, त्या स्वतः गेल्या. त्यांना रात्री भीती वाटली नसेल असे मी मुळीच म्हणणार नाही. सकाळी उठून त्या पुन्हा शब्द शोधायला बसत होत्या, एवढेच मला तुम्हाला दाखवायचे आहे.

वहीची लाज वाटू देऊ नका. मुलीसाठी कागद नीट लावून ठेवणे हा अविश्वास नाही. कोणत्याही आईने, आजारी असो वा धडधाकट, ते करून ठेवावे. अडचण वही लिहिण्यात नसून ती रोज उघडण्यात आहे. यिर्मयाने कागद भांड्यात ठेवले आणि भांडे दुसऱ्याच्या स्वाधीन केले. तुम्हीही वही यजमानांना एकदा वाचून दाखवा, कपाटात ठेवा आणि किल्ली त्यांच्याकडे द्या. वर्षातून एकदा, नाताळानंतरच्या आठवड्यात म्हणा हवे तर, ती दोघांनी मिळून तपासावी. रात्रीच्या चाचपण्याविषयीही असाच नियम करा: महिन्यातून एक ठरलेला दिवस, डॉक्टरांनी दाखवलेल्या पद्धतीने, दिवसाउजेडी. हात रोज गाठ शोधत राहिला की त्याला प्रत्येक शिरेत गाठ भासू लागते.

आजार उलटण्याची ही भीती उपचार संपलेल्या पुष्कळ जणींना वाटते आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना ती चांगली परिचित असते. पुढच्या तपासणीत, झोप किती दिवस लागत नाही, हेही त्यांना सांगा आणि समुपदेशकाची भेट मागून घ्या. मध्यरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. मदत मागण्यासाठी विश्वास कमी असावा लागत नाही.

आणि त्या पंधरा रात्री? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर आज दे असे म्हणतो. आठवड्याचे पीठ मागत नाही. अरण्यात इस्राएल लोकांनी उद्यासाठी साठवलेल्या मान्न्यात, म्हणजे देवाने रोज पुरवलेल्या अन्नात, किडे पडले होते. भीती उद्याचे दुःख आजच साठवू पाहते, आणि त्याने आजचा दिवस नासतो. त्या रात्री तुम्ही लांब प्रार्थना करू नका. आजच्या दिवसात प्रत्यक्ष मिळालेली एखादी गोष्ट, वर्गातल्या एखाद्या पोराने बरोबर वाचलेला धडा, मुलीने करून दिलेला चहा, नाव घेऊन देवाला सांगा आणि कूस बदला. झोप येईलच असे नाही, पण रात्र तुमच्याकडे राहील.

प्रार्थनासभेला परत जा, एवढी माझी विनंती आहे. हवे तर आधी पाळकांना आणि त्यांच्या पत्नीला घरी बोलावून सर्व सांगा आणि सभेत गोळीविषयी कोणीही सल्ला देऊ नये असे त्यांच्याकडून वदवून घ्या. त्या वडीलधाऱ्या बाईंना तुम्ही एवढेच सांगा की मला उत्तर नको आहे, तपासणीच्या दिवशी माझ्यासोबत बाकावर बसायला या. मला वाटते, त्या येतील.

राहिली बाग. यजमान राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई शरबती ही लिंबाची जात लावणार असतील, तर सहा मीटर अंतराने अर्ध्या एकरात साधारण पंचावन्न रोपे बसतात. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावे लागतात आणि मग पावसाच्या सुरुवातीला लावणी होते, म्हणून होकार लवकर कळवायला हवा. मनातून भीती गेल्यावर सांगेन, अशी वाट पाहू नका; आज जेवायला बसाल तेव्हा भीतीसकट सांगा. रोपे आणायला जाताना मुलीला बरोबर न्या आणि त्यांतले एक रोप स्वतःच्या हाताने लावा.

तुमची,
ताई