जुन्या जीन्सची आणि सुती शर्टाची उन्हाळी टोपी घरी कशी शिवावी?

वापरातून गेलेली एक जीन्स आणि एक सुती शर्ट यांतून, घरच्या साध्या मशीनवर, उन्हात घालण्याजोगी गोल काठाची टोपी शिवता येईल का आणि तिचा काठ लोंबू नये म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे. अशी टोपी निश्चित शिवता येते. शिवाय जुने कापड आटायचे तेवढे आधीच आटलेले असल्यामुळे पुढे धुण्यात टोपी घट्ट होण्याची भीती फारशी राहत नाही.

जीन्सचा गुडघ्याचा भाग विरलेला असतो, म्हणून तो सोडून पोटरीचा भाग घ्यावा आणि आतली शिवण उसवून कापड सपाट इस्त्री करून घ्यावे. अस्तरासाठी शर्टाची पाठ सर्वांत सोयीची असते. खिसा उसवून टोपीवर लावण्याची टूम हल्ली दिसते. मला ती मुळीच आवडत नाही.

माप कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या किंचित वरून घ्यावे. ते 56 से.मी. भरले, तर 2 से.मी. सैलपणा धरून 58 हे माप पक्के करावे. त्याला 6.28 ने भागले की माथ्याच्या गोलाची त्रिज्या 9.2 से.मी. येते, त्यात 1 से.मी. माया (शिवणीसाठी सोडायचे जादा कापड) मिळवून 10.2 वर गोल कापावा. बाजूच्या पट्ट्याचे मायेसह 31 से.मी. लांब आणि 11 से.मी. उंच असे दोन तुकडे कापावेत. मात्र त्यांची लांबी जीन्सच्या पायाच्या लांबीच्या दिशेने ठेवावी, कारण आडव्या बाजूने हे कापड ताणले जाते आणि टोपी सैल पडते.

काठ पूर्ण वर्तुळाचा कापला, तर तो ताटासारखा सपाट होतो. डोळ्यांवर उतरता काठ हवा असेल, तर पाऊण वर्तुळ घ्यावे: 12.3 से.मी. त्रिज्येच्या पाऊण वर्तुळाचा परीघ जवळजवळ 58 से.मी. भरतो. 6 से.मी. रुंदीच्या काठासाठी, माया धरून, आतली त्रिज्या 11.3 आणि बाहेरची 19.3 ठेवावी. तो अखंड निघत नसेल, तर दोन सारखे भाग कागदावर बेतून घ्यावेत आणि प्रत्येक टोकाला 1 से.मी. माया सोडावी. वरचा थर जीन्सचा, खालचे दोन शर्टाच्या कापडाचे असावेत. सर्वांत खालचा थर गडद रंगाचा असल्यास जमिनीवरून परतणारा उजेड डोळ्यांना कमी लागतो.

लोंबण्यावर खरा उपाय टिपांचा आहे. बाहेरच्या कडेने थर जोडून, उलटवून, इस्त्री केल्यावर कडेपासून आतपर्यंत साधारण 7 मि.मी. अंतराने गोलाकार टिपा घालत जावे; प्रत्येक टिपेगणिक काठ ताठ होत जातो. बकरम (खळ देऊन ताठ केलेले कापड) घालण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु त्याची खळ धुण्यात उतरते आणि काठ पुन्हा मऊ पडतो.

माथा पट्ट्याला जोडताना पट्ट्याच्या मायेत टिपेच्या जरा अलीकडेपर्यंत कातरे द्यावेत, म्हणजे सरळ पट्टा गोलाभोवती चुण्या न पडता फिरतो. काठ जोडताना मात्र कातरे काठाच्या आतल्या कडेला द्यावे लागतात. पट्ट्याचे सांधे कानांवर आणि काठाचे सांधे पुढे-मागे येतील असे पाहावे, नाहीतर एकाच जागी इतके थर साचतात की सुई मोडते. 16 नंबरची सुई लावून अशा जागी मशीनचे चाक हाताने फिरवावे. अस्तराचा माथा आणि पट्टा असाच शिवून, उलट बाजूला उलट बाजू लावून आत बसवावा आणि मगच काठ जोडावा. उरलेली माया वर दाबून तिच्यावर शर्टाच्याच कापडाची 4 से.मी. रुंद तिरकी पट्टी, कडा दुमडून, हाताने टाके घालून लावली की घाम तिच्यात मुरतो, आणि मळल्यावर तेवढीच उसवून बदलता येते.